ऑइल वाढत गेलं ती आगोट

परवापासून दुपार कलली की दर्यावर ढग येऊन थांबतात. पडत नाहीत, पुढेही सरकत नाहीत. वारा मध्येच बंद होतो, माडांची झावळं हलायची थांबतात आणि सुकत घातलेल्या आमसुलांचा आंबट वास अंगणभर चिकटून राहतो. आई पडवीतून विचारते, आमसुलं आत घेऊ काय गो? मी म्हणते, थांब, एवढ्यात काही पडत नाही. आमच्या दोघींचंही लक्ष आमसुलांकडे नसतं.

आगोट आली. मृगाच्या आधीच्या या दोन-तीन आठवड्यांना आमच्याकडे आगोट म्हणतात. पुढचे चार महिने घराबाहेर पडता आलं नाही तरी चूल पेटावी म्हणून जे जे लागतं ते भरून ठेवायचे हे दिवस. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, सुके बांगडे, फोडलेली लाकडं, तांदूळ, खोबरेलाचा डबा. पडवीच्या पावसाकडच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झापांची आडोशाची भिंत उभी राहते. होड्या वाळूवर वर ओढून झाकल्या जातात आणि किनारा एकदम ओसाड दिसायला लागतो. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांची जी रांग लागलेली असते तीही विरळ होते. बाकीच्यांना ही कामाची गडबड वाटते. मला मात्र या दिवसांची भीती वाटते. बावीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आहे, शकुन-अपशकुनांची वर्गात यथेच्छ टर उडवते. पण आगोटीतली ही पाऊस न पडणारी संध्याकाळ आली की माझं सगळं विज्ञान कुठल्या कुठे जातं.

त्यातून आमच्या घरी आगोटीचं आणखी एक काम असतं, ते म्हणजे गाडीचं ऑइल बदलायचं. आज सकाळी मी ते केलं. नखांत अजून काळं आहे. ते करताना तीन वर्षांपूर्वीची आगोट डोळ्यांसमोरून हलत नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

माझे बाबा एकतीस वर्षं बोटीवर होते. कप्तान वगैरे नव्हे. आमच्या गावात बोटीवरून परतलेली निम्मी माणसं सांगताना स्वतःला कप्तानाच्या जवळपास नेऊन ठेवतात, बाबांनी तसं कधी केलं नाही. ते इंजिनरूममध्ये होते, जुन्या खलाशांच्या भाषेत तेलवाला. वाडीत आजही आमचं घर विचारलं तर ‘तेलवाल्याचां घर’ म्हणूनच दाखवतात. इंजिनाला तेल घालणं, बेअरिंगांवर तळहात ठेवून ताप बघणं, आवाजात फरक पडला की वरच्या साहेबाला सांगणं, हे त्यांचं काम. त्यांना सुट्टी मिळायची ती बहुतेक आगोटीच्या सुमाराला. दहा-अकरा महिन्यांनी माणूस घरी यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बनियन-लुंगीवर अंगणात उकिडवा बसून काहीतरी उघडत असायचा. आधी शेजाऱ्यांच्या होडीचं मशीन, मग आमचा पाण्याचा पंप, पुढे स्कूटर, आणि निवृत्त झाल्यावर ही पांढरी छोटी गाडी. गाडी घेतली त्याच महिन्यात त्यांनी अंगणात चिऱ्यांचे दोन उतार बांधून घेतले. पुढची चाकं त्यावर चढवायची, मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावायचे, आणि खाली शिरायला पुरेशी जागा होते. आई म्हणाली होती, तुळशीवृंदावनाला पेड बांधायला सांगून चार वर्षं झाली, गाडीला मात्र चार दिवसांत.

ऑइल बदलायला मला त्यांनीच शिकवलं. इंजिन आधी पाच मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल कोमट आणि पातळ होतं. घमेलं नीट मधोमध सरकवायचं. सतराचा पाना लावून खालचा नट सैल करायचा, शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे आणि हात चटकन बाजूला घ्यायचा. काळं ऑइल आधी जाड दोरीसारखं सरळ पडतं, मग बारीक होत होत थेंबांवर येतं. त्या थेंबांची बाबांना घाई नसायची. अंगठा आणि बोट यांच्यात ऑइल चोळून ते उन्हाकडे धरायचे. चकाकी दिसली तर आत धातू झिजतोय, दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. नुसतंच काळं असलं तर खूश व्हायचे, गाडीने वर्षभर काम केलं असं म्हणायचे. मग फिल्टर. जुना फिल्टर पिळून काढला की त्याची रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघायचं. नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावायचं आणि नुसत्या हाताने आवळायचा, पाना लावायचा नाही. घमेल्यातलं काळं ऑइल नंतर फाटकाला आणि कुंपणाच्या खुंटांना फासायचं. वाळवी लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आमचं फाटक असं काळंकुट्ट चमकत असतं की नवा पोस्टमन त्याला एकदा तरी हात लावतोच.

त्या वर्षी फाल्गुनात आम्ही विजयदुर्गाकडून एका लग्नाहून परत येत होतो. गाडी बाबा चालवत होते. तळेऱ्याला हायवे लागला तिथे त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं चहा घ्यायचा असेल. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात, शरमल्यासारखं विचारलं, “बाय, आता खंय?” या तिठ्यावरून ते आयुष्यात किती वेळा वळले असतील त्याला गणती नाही. मी उजवीकडे म्हटलं आणि ते वळले. दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये राहू लागली. त्यांनी ती मागितली नाही, याचाच मी जास्त धसका घेतला.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द वापरला. सुरुवात आहे म्हणाले. नावं आधी जातात, मग रस्ते, मग माणसं. मी विचारलं, घरातली माणसंसुद्धा? हो, तीसुद्धा, म्हणाले. शाळेत एखाद्या मुलाला नापास झाल्याचं मी जितक्या सरळ आवाजात सांगते, तितक्याच सरळ आवाजात त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरी कसलीच भीती उरली नाही, एकच उरली. बाबा मला विसरणार. कधी, एवढाच प्रश्न. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवायची आणि त्यांनी ‘बाय’ म्हणेपर्यंत तिथेच काहीतरी आवरत उभी राहायची. ते बाय म्हणायचे आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. पण जगात मला ‘बाय’ म्हणणारी दोनच माणसं आहेत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

वैशाख संपता संपता आम्ही दोघांनी ऑइल बदललं. हात चोख चालत होते. नट कुठल्या बाजूला फिरतो हे त्यांना सांगावं लागलं नाही, वायसर बदलायला ते विसरले नाहीत. मला इतकं हायसं वाटलं की मी नको इतकी बडबड करत होते. ऑइलची धार लागली, आणि बाबा घमेल्याकडे बघता बघता एकदम अस्वस्थ झाले. हात पुढे करून म्हणाले, “ह्यां कित्याक सोडतंस? बंद कर ता.” मी हसले. बदलायचं आहे ना बाबा, जुनं सोडल्याशिवाय नवं कसं घालणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग तेही हसले. पण माझ्या हसण्यानंतर थोडं उशिरा. मनात पाल चुकचुकली. मी ती हुसकावली आणि फिल्टर आवळायला घेतला.

दर सोमवारी सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून बघायची, हा बाबांचा नियम मी आजही पाळते. त्या पट्टीवर दोन खुणा असतात, कमीची आणि पूर्णची. ऑइल या दोहोंच्या मध्ये असलं की झालं. पहिल्या सोमवारी ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पेरभर चढलेलं होतं. माझंच माप चुकलं असणार म्हणून मी स्वतःला दोन शिव्या दिल्या, नट किंचित सैल करून जादाचं काढलं, पुन्हा पट्टी पाहिली. बरोबर होतं. पुढच्या सोमवारी ते पुन्हा चढलं होतं, आणि आधीपेक्षा जास्त.

इंजिनातलं ऑइल कमी होत जातं. जळतं, गळतं, काहीही होतं, पण कमीच होतं. वाढत नाही. मी पट्टी पुसून तीनदा पाहिली. संध्याकाळी ढग येऊन थांबले होते, दर्याचा आवाज बदलला होता. आगोटीत तो बदलतोच. रोजची खळखळ जाऊन खालून एक जड घरघर येऊ लागते, जेवताना ताटाखालच्या जमिनीतून जाणवते. मी ऑइल बोटावर घेऊन चोळलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी नाही. वास घेतला, पेट्रोलचा नव्हता. स्वच्छ, सोनेरी, नवं ऑइल होतं. घातलं होतं त्याहून नवं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाई गॅरेजात गेल्या.

नाक्यावर बस्त्यावचं गॅरेज आहे. त्याचा बाप आणि माझे बाबा एका बोटीवर होते, त्यामुळे तो आमच्या गाडीकडे घरच्या गुरासारखं बघतो. त्याने आधी माझी थट्टा केली. “बाईनू, तुमचां इंजिन ऑइल पिकयता काय?” मग स्वतः पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि थट्टा थांबवली. असं चढलेलं ऑइल वाईट, म्हणाला, आत फेस होतो, सीलं फोडून बाहेर येतं. त्याने काढून दिलं आणि चार दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. चार दिवसांनी मी कुडाळला निघाले तर कट्टा गावाच्या चढावर आरशात मागचा रस्ता दिसेना. निळा धूर. मी गाडी बाजूला घेतली आणि गरम बॉनेटला टेकून उभी राहिले.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी अंगणाच्या कोपऱ्यात देवचाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. घराभोवती फिरून राखण करणारा तो आमचा देवचार. बा महाराजा, ज्या काय वाकडां-नाकडां असात ता दूर कर, वगैरे. एरवी मी चिडवलं असतं. त्या दिवशी मी मागे गपचूप उभी राहिले आणि शेवटी ‘व्हय महाराजा’सुद्धा म्हटलं. बाबा पडवीत बसून आमच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, काय नाय, गाडी जरा बिघडली आसा. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले की इंजिन ठीक आहे, त्यांनी पाहिलं आहे. आम्ही दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

अंगणाच्या कडेच्या खोपटात ऑइलचा डबा होता. मागच्या वर्षांचं उरलेलं ऑइलही दोन डब्यांत होतं. ते उचलून बघावेत, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, याची लाज अजून वाटते. मी वर्गात मुलांना सांगते, आधी समोर बघा, मग विचार करा. आणि स्वतः मात्र भुताखेतांपर्यंत जाऊन आले.

दुपारी आमच्याकडे सगळं घर झोपतं. आगोटीत तर उकाडा असा असतो की झोप कसली, ग्लानीच. त्या दिवशी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी बसले होते. चार वाजले. बाबा उठले, चूळ भरली, फडका खांद्यावर टाकला आणि अंगणात गेले. किल्ली माझ्याकडे होती, पण आमच्या गाडीचं डावीकडचं दार नीट लागत नाही. ते उघडून त्यांनी आतला खटका ओढला आणि बॉनेट उघडलं. वाकून कान दिला. इंजिन बंद होतं, तरी ते बराच वेळ ऐकत होते. मग वरच्या झाकणावर तळहात ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. खोपटातून डबा आणला. स्टीलच्या पेल्यात थोडं ऑइल ओतून घेतलं, एक थेंब न सांडता इंजिनात घातलं, झाकण फिरवून बसवलं, कडेने फडका फिरवला. बॉनेट आवाज न करता लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

बोटीच्या मोठ्या इंजिनातलं ऑइल गाडीसारखं सोडून देत नाहीत. ते फिरवून, गाळून साफ करतात आणि जेवढं कमी होईल तेवढं वरून घालत राहतात. हे बाबांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. बोटीवर पाळ्या असतात, चार तास काम आणि आठ तास विश्रांती; त्या पाळीला वॉच म्हणायचं. बाबांचा वॉच बहुतेक वर्षं चार ते आठचा होता. पहाटेचाही आणि दुपारचाही. खिडकीशी बसल्या बसल्या मला सगळं लख्ख समजलं. घमेल्यातली धार बघून ते का अस्वस्थ झाले, ते समजलं. इंजिन ठीक आहे, मी पाहिलंय, ते का म्हणाले तेही समजलं. बाबा रोज चार वाजता आमच्या अंगणातून उठून बोटीवर जात होते. त्या बोटीवर आम्ही नव्हतो. मी उत्तरपत्रिकेवर डोकं टेकून रडले. कोणाची होती कोण जाणे, शाई फुटली.

यापुढे जे केलं ती माझी चूक. मी कोणाशी काही बोलले नाही. आईशीही नाही. मूग गिळून डबे उचलले आणि माळ्यावर तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिले. मला वाटलं, ऑइल नसलं की वॉच संपेल. दोन दिवस पट्टी बरोबर दिसली. तिसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडलं आणि न्हाणीघराचा वास आला, डोक्याला खोबरेल चोळून गरम पाण्याने न्हाल्यावर येतो तो. पट्टीवर खालच्या खुणेपासून वरपर्यंत पिवळसर पातळ तवंग. आईचा आगोटीचा खोबरेलाचा डबा अर्धा झाला होता. इंजिनाला तेल मिळालं नाही तर बोट दर्यात उभी राहते. तेलवाल्याने हाताला लागलं ते घातलं होतं.

मी गाडी तशीच उतारावर चढवली आणि एकाच आगोटीत दुसऱ्यांदा ऑइल सोडलं, फिल्टर बदलला. घमेल्यातून खोबरेलाचा वास येत होता. आई जवळ येऊन उभी राहिली. मी खालूनच, तिच्या पावलांकडे बघत, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माका म्हायत होतां गो. चार वाजले काय उठान जातत. तेंका बरां वाटता, म्हणान मी गप रवलंय.” तेल ओततात हे तिला ठाऊक नव्हतं, तिला वाटायचं नुसते बघतात. देवचाराला नारळ तिने गाडीसाठी ठेवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी डावीकडच्या दाराला आतून दोरी बांधली आणि घरातली सगळी तेलं कुलपात टाकली. चार वाजले. बाबा गेले. दार उघडेना. त्यांनी दोनदा ओढून पाहिलं, जोर केला नाही, आणि मग गाडीच्या पुढे उभे राहिले. नुसते उभे. साडेचारला आईने चहा नेऊन दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. पाच वाजले. ढग दर्यावरून माडांवर आले. पानही हलत नव्हतं. शेजारची गुरं वेळेआधीच गोठ्याकडे परतली. सहा वाजता समुद्राच्या बाजूला विजा चमकायला लागल्या, आवाज नाही, नुसता उजेड. बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत तिथेच उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी जाऊन हात धरला, बाबा आत चला म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. रागाने नाही, अनोळखी माणसाचा सोडवून घेतात तसा, सभ्यपणे. सात वाजता आई गेली. तिने खांद्याला धरून ओढायचा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, “माका हलूक गावाचां नाय. रिलीव्हर येवक व्होयो.”

आई परत आली आणि पडवीच्या पायरीवर बसली. रिलीव्हर कोण, तिने विचारलं. पुढच्या पाळीचा माणूस, मी म्हटलं. वॉच संपला तरी तो येऊन तोंडाने ‘मी इलंय’ म्हणत नाही तोवर इंजिन सोडून जायचं नाही. कितीही उशीर झाला तरी नाही. एकदा पुढचा माणूस आजारी पडला म्हणून बाबा बारा तास सलग उभे होते, ही गोष्ट ते कौतुकाने सांगत असत. आई माझ्याकडे बघत राहिली. काय करायचं ते आम्हा दोघींनाही कळलं होतं. आणि मला ते करायचं नव्हतं. इतके महिने रोज सकाळी ज्या एका शब्दासाठी मी चहाच्या कपाशी उभी राहत होते, तो शब्द मला आता स्वतःच परत द्यायचा होता. मी तुमची मुलगी नाही, मी दुसराच कोणी आहे, हे मला त्यांना माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

पावणेआठला मी साडीचा पदर खोचला, दोरीवरचा एक फडका खांद्यावर टाकला आणि अंगणात गेले. त्यांच्या बाजूला, पण जरा अंतर ठेवून उभी राहिले. “मी इलंय,” म्हटलं. “आठ ते बारा.”

त्यांनी मान वळवून मला नीट पाहिलं. वीज चमकली तेव्हा त्यांचे डोळे अगदी जवळून दिसले. त्यांत शोध नव्हता, गोंधळ नव्हता. बऱ्याच वेळाने आलेल्या सहकाऱ्याकडे बघावं तसं ते बघत होते. “खंयचो रे तू?” त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना आनंद झाला, आपलोच मगे, म्हणाले. मग त्यांनी मला इंजिन ताब्यात दिलं, रीतसर, एकेक गोष्ट सांगत. आवाज बरोबर आहे. ताप बरोबर आहे. दोन दिवस तेल मिळालं नाही, वर कळव. मी प्रत्येक गोष्टीला व्हय म्हटलं.

आईने पायरीवरून उठून त्यांच्यासाठी वाट केली. ते चार पावलं गेले, थांबले आणि परत वळले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढा वेळ उभं राहून त्यांच्या हाताला घाम आला होता.

“लगीन झालां काय तुझां? पोरटोर?” त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर नकोच होतं.

“एक सांगतंय, ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “सुट्टेक घराक गेलंस काय पोर वळखूचां नाय. माझां चेडू, माझी पोरगी, माका वळखणा नाय. दारामागे जावन रवता. वायट वाटता, पण तेका ओढून जवळ घेवचां नाय. आपण आपलां थंयच काम करीत बसाचां. धा-बारा दिसांनी आपसून येता जवळ.”

मी बरां म्हटलं.